गुबगुबीत इग्वाना आणि कोवळं ऊन

आपल्या घरांत दोन भाषा नांदतात, त्यामुळे म्हणीही दुपटीनं मिळतात. मराठीत आपण म्हणतो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. कन्नडमध्ये म्हणतात, ‘ओतिक्यातक्के बेली गूट साक्षी’, म्हणजे सरड्याला कुंपणाच्या खुंटाची साक्ष. अर्थ वेगवेगळे असले, तरी दोन्ही म्हणींत सरडा आहे, कुंपण आहे आणि सरडा घराबाहेरच आहे. तो उंबरा ओलांडून दिवाणखान्यात येईल, मुलाच्या खांद्यावर बसून टीव्ही बघेल, असं या म्हणी करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. पण काळ बदलला. कुत्रा-मांजर, पोपट, मासे झाले. आता शहरांत आणि शहरांच्या मागोमाग गावांतही इग्वाना पाळले जातात.

या विषयाला निमित्त झालं ते एका पत्राचं. पत्र लिहिणाऱ्या ताई माहेरच्या निपाणीच्या आणि सासरच्या सौंसर तालुक्यातल्या. घर जामसांवलीला, निद्रिस्त हनुमंताचं प्रसिद्ध मंदिर आहे ना, त्याच गावी. हा भाग आपल्याला वाटतो तितका परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तिकडे मराठीच्या जोडीला हिंदी आली, इकडे कन्नड. २०२३ पासून सौंसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. तर या ताईंच्या मुलानं हट्टानं इग्वानाचं पिल्लू आणलं. चार-पाच महिने झाले. आणलं तेव्हा काडीसारखं होतं, आता मागच्या मांड्या कशा छान भरल्या आहेत, जबडाही गुबगुबीत झाला आहे, फक्त हल्ली जरा आळशी झालंय, असं त्यांनी कौतुकानं लिहिलं होतं. पुढे विचारलं होतं, की त्याला आणखी काय खायला द्यावं?

मी मराठी शिकवते, त्यामुळे पत्र घेऊन आमच्या कॉलेजातल्या प्राणीशास्त्राच्या सरांकडे गेले आणि मग एका पशुवैद्यांशी फोनवर बोलले. दोघांनीही पहिली गोष्ट एकच सांगितली: पिल्लू आधी डॉक्टरांना दाखवा, खाण्याचं नंतर बघू. ताईंना त्याच दिवशी फोन करून तसं कळवलं. पण असे इग्वाना आणखीही घरांत असतील, म्हणून हा लेख.

भरलेली मांडी हे आपल्याकडे तब्येतीचं लक्षण. बाळसं धरलं म्हणतो आपण. इग्वानाच्या पिल्लाचं मात्र उलट असतं. वाढत्या वयात त्याला पुरेसं कॅल्शियम मिळालं नाही, किंवा मिळालेलं अंगी लागलं नाही, तर रक्तातली पातळी टिकवायला शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. हाड पोकळ आणि मऊ होतं. मग त्याला आधार द्यायला भोवती तंतुमय भाग जमतो. बाहेरून मांडी टणक, भरलेली दिसते. आतलं हाड मात्र ओल्या काडीसारखं झालेलं असतं. खालचा जबडा सुजल्यासारखा दिसतो आणि हलकेच दाबला तर रबरासारखा लवतो. पिल्लू अंग उचलून चालण्याऐवजी पोट घासत चालतं. बोटं थरथरतात. पुढे साध्या उडीनंही पाय मोडतो, झटके येतात. आपल्याकडे लहान मुलांना मुडदूस होतो, त्याचाच हा चुलतभाऊ. पाळलेल्या इग्वानाच्या पिल्लांत हा आजार फार दिसतो आणि बहुतेक वेळा तो टाळता येण्यासारखा असतो.

तो होतो कशामुळे? मला वाटतं, आपण इग्वानाला आपल्या ओळखीच्या सरड्या-घोरपडीच्या मापानं मोजतो, तिथेच गडबड सुरू होते. घोरपडीशी आपलं नातं जुनं. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, त्या लढाईत कडा चढायला यशवंती घोरपड होती, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या नावामागेही घोरपडीच्या साह्यानं किल्ला सर केल्याचीच कथा सांगतात, आणि ते मुधोळ तर आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. कन्नडमध्ये घोरपडीला ‘उडा’ म्हणतात. पूर्णचंद्र तेजस्वींची १९८० ची ‘कर्वालो’ ही कादंबरी ज्यांनी वाचली असेल, त्यांना तिच्यातला उडत्या सरड्याचा शोधही आठवेल. हे आपले सगळे प्राणी मांसाहारी किंवा कीटक खाणारे. घोरपड अंडी, उंदीर, किडे खाते. कुंपणावरचा सरडा मुंग्या-किडे टिपतो. त्यामुळे इग्वाना घरी आला, की कुणी त्याला झुरळ टाकतं, कुणी उकडलेलं अंडं भरवतं, कुणी कुत्र्याचं खाद्य. वाढतं अंग आहे, प्रोटीन हवं, असं सांगणारेही भेटतात.

पण इग्वाना या गोतावळ्यातला नाही. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, नदीकाठच्या झाडांवर राहणारा आणि पाला खाणारा. लहानपणी किडे आणि मोठेपणी पाला, असंही नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून तो पाल्यावरच वाढतो. त्याच्या मोठ्या आतड्यात पाला आंबवणारे सूक्ष्मजीव असतात, थोडंफार गाई-घोड्यांसारखं. पनामात काम केलेल्या कॅथरीन ट्रॉयर यांनी १९८२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गंमत मांडली होती. जंगलातली पिल्लं पहिल्या काही आठवड्यांत मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात आणि हे सूक्ष्मजीव त्यांच्याकडून घेतात! तर अशा जिवाला अंडी, मांस, पनीर दिलं, तर ते त्याला झेपत नाही. जास्तीच्या प्राणिज प्रथिनांचा भार मूत्रपिंडांवर येतो आणि काही वर्षांनी ती निकामी होतात. भात, पोळी, ब्रेड, बिस्किट, दूध हेही नको.

मग द्यायचं काय? इथे आपल्या मंडईवाल्या मावशी कुठल्याही परदेशी पुडक्यापेक्षा कामाच्या. पहिला मान शेवग्याच्या पाल्याचा, म्हणजे आपल्या नुग्गे सोप्पूचा. शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि त्या मानानं फॉस्फरस कमी. हे प्रमाण महत्त्वाचं आहे. खाण्यात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावं, कारण फॉस्फरस जास्त झाला की कॅल्शियम अंगी लागत नाही. शेवग्याच्या जोडीला तुतीचा पाला, जास्वंदीची म्हणजे दासवाळाची पानं आणि फुलं, थोडी मेथी, कोथिंबीर. रोज एकच भाजी न देता दोन-तीन पाल्यांची मिसळ करावी. ताटातला चार-पंचमांश भाग पाल्याचा. उरलेल्यात किसलेला लाल भोपळा, दुधी, फरसबी. आणि चवीपुरती पपई किंवा अंजीर. फळ आवडतं म्हणून तेच देत राहिलं, तर पिल्लू पाल्याकडे बघत नाही. मुलं नाही का, चॉकलेट मिळालं की भाजीला नाक मुरडत!

काही भाज्या आपल्याला पौष्टिक वाटतात, पण इथे जपून द्याव्यात. पालक आणि माठात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणून ते रोजचं खाणं नको. कोबी-फ्लॉवर फार झाले, तर थायरॉइडला त्रास. काकडी आणि सॅलडची पानं म्हणजे नुसतं पाणी, पोट भरतं पण हाडांना काही मिळत नाही. पाला बारीक चिरून द्यावा, पिल्लाच्या तोंडात मावेल इतका, आणि रोज सकाळीच द्यावा, म्हणजे दिवसाच्या उबेत तो पचतो. जामसांवलीसारख्या संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: फवारणी झालेल्या बागेच्या बांधावरचा पाला तोडून आणू नये. घरच्या अंगणात शेवग्याची एक फांदी लावली, तरी वर्षाची चिंता मिटते. बाजारचा पाला असेल, तर स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुऊन घ्यावा.

इतकं सगळं करूनही हाडं मऊ राहू शकतात, कारण दुसरी अर्धी बाजू उन्हाची आहे. कॅल्शियम आतड्यातून शरीरात शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं. इग्वाना ते मुख्यतः कातडीवर पडणाऱ्या उन्हापासून तयार करतो. त्याच्या खाण्यात ते नसतंच म्हटलं तरी चालेल, आणि पावडरीतून दिलेलं त्याला पुरेल याचा भरवसा नाही. उन्हातले जे अतिनील किरण हे काम करतात, त्यांना यूव्ही-बी म्हणतात. साध्या काचेतून ते जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे खिडकीच्या बंद काचेआड ठेवलेला पिंजरा आपल्याला उन्हात दिसतो. पिल्लाला मात्र ऊब मिळते आणि हाडांना हवं ते मिळत नाही. घरातला साधा बल्बही उजेड आणि ऊब देतो, हे किरण देत नाही.

त्यावर उपाय दोन. पहिला फुकटचा: जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून रोज थोडा वेळ खरं ऊन. पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत हवा, कारण ऊन सोसेनासं झालं, की त्याला बाजूला सरकता आलं पाहिजे. शेजारी मोठं माणूस बसलेलं हवं. घारी, कावळे, मांजरं टपलेलीच असतात. काचेची पेटी तशीच उन्हात ठेवायची नाही, तिची काही मिनिटांत भट्टी होते आणि पिल्लू दगावतं. दुसरा उपाय म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा यूव्ही-बी दिवा. तो दिवसाला दहा-बारा तास लावावा, पिल्लापासून किती अंतरावर टांगायचा ते त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, ते पाळावं. दिवा आणि पिल्लू यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक नको. आणि हा दिवा दिसायला पेटत राहिला, तरी सहा महिने ते वर्षभरात त्यातले उपयोगी किरण कमी होतात, म्हणून बदलावा लागतो.

ऊन किती आणि कधी, हे गावावर ठरतं. जामसांवली-नागपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तिथे उन्हाळ्यात सकाळी आठ-साडेनऊच्या आत काय ते उरकावं आणि दुपारी पिंजरा घरातल्या गार, हवेशीर खोलीत ठेवावा. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको. तिकडचा हिवाळाही बोचरा. नागपूरचा पारा काही रात्री दहाच्या खाली जातो. इग्वाना थंड रक्ताचा, अंगची ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते. फ्लोरिडात माणसांनी सोडलेल्या इग्वानांची आता रानोमाळ वस्ती झाली आहे. तिथे थंडीची लाट आली, की गारठून ताठ झालेले इग्वाना झाडांवरून खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयानं लोकांना तसा चक्क इशाराच दिला होता. इकडे बेळगाव-निपाणीकडे उन्हाळा त्या मानानं सौम्य, पण पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. मुलांचे गणवेश वाळत नाहीत, तिथे पिल्लाला ऊन कुठलं? अशा घरांत यूव्ही-बी दिव्याला पर्याय नाही.

पिंजऱ्यात एका बाजूला, वरच्या फांदीपाशी बत्तीस ते पस्तीस अंश ऊब हवी आणि दुसऱ्या बाजूला सव्वीस-सत्तावीस, म्हणजे त्याला हवं तिथे जाता येतं. रात्री बावीसच्या खाली जाऊ देऊ नये. हाताला ऊबदार लागतंय, यावर विसंबू नका. स्वस्तातले दोन तापमापक दोन्ही टोकांना लावा. ऊब नसेल, तर खाल्लेला पाला आतड्यात नुसता पडून राहतो, पचत नाही. काही जण विजेवर तापणारे दगड ठेवतात, ते नकोत. इग्वानाला पोटाखालचा चटका लवकर कळत नाही आणि तो भाजून निघतो. तळाला वाळू किंवा भुसाही नको, पाल्याबरोबर पोटात जाऊन अडकतो. जुनं वर्तमानपत्र सगळ्यात उत्तम. रोज बदललं, की स्वच्छताही राहते आणि विष्ठा कशी आहे तेही कळतं.

मूळचा दमट जंगलातला प्राणी, म्हणून हवेत ओलावा लागतो. दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हलका फवारा मारावा, वाटीत ताजं पाणी ठेवावं आणि आठवड्यातून काही वेळा कोमट पाण्यात, खांद्यापर्यंतच बुडेल इतक्या, दहा-पंधरा मिनिटं बसवावं. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तर याची फारच गरज. हवा कोरडी राहिली, की कात नीट निघत नाही, आणि बोटांवर-शेपटीवर अडकलेली जुनी कात आवळून तो भाग मरू शकतो. ती ओढून काढू नये, कोमट पाण्यानं सैल करावी. आंघोळीचं टब वेगळं ठेवावं, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये हा कार्यक्रम नको. कारण इग्वाना निरोगी दिसत असला, तरी त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू येऊ शकतात. हाताळल्यावर दर वेळी साबणानं हात धुवावेत. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि आजारी-वयस्क माणसांनी लांबच राहावं.

शेपटीला धरून उचलू नये, ती तुटून हातात येते. दोन पिल्लं एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. ती एकमेकांना बिलगून बसलेली आपल्याला प्रेमळ वाटतात, पण बऱ्याचदा एक दुसऱ्याला ऊबेच्या जागेवरून दाबत असतं आणि दबलेलं हळूहळू खुरटतं. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहून ठेवावं. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडते.

डॉक्टरांचं म्हणाल, तर प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असेलच असं नाही. जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशींतच बुडालेले असतात. म्हणून प्राणी आणण्याआधीच विचारपूस करून ठेवावी. सौंसरकडच्यांना नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ. पिल्लू आणल्यावर लगेच विष्ठा तपासून घ्यावी, जंत असतात. मांड्या-जबडा सुजणं, थरथर, पोट घासत चालणं, चार दिवस न खाणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नये. एक्स-रे काढला की हाडांची स्थिती कळते. कॅल्शियमची पावडर किती, इंजेक्शन हवं की नको, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. दुकानदाराच्या किंवा माझ्या लेखाच्या आधारानं नाही. आजार लवकर कळला, तर पिल्लू सावरतं. फार उशीर झाला, तर वाकलेली हाडं जन्मभर तशीच राहतात.

कायद्याचंही सांगायला हवं. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणं, पाळणं, तिचं मांस किंवा तेल विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. तेव्हा इग्वाना नाही तर घोरपडीचं पिल्लू, हा विचारही नको. इग्वाना परदेशी असला, तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नियम आले. त्यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्यानं परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते. नवा घेतला, तर तीस दिवसांच्या आत. बिलाशिवाय, कागदाशिवाय मिळणारा स्वस्त प्राणी कुठून आला, हे आधी विचारा. बँकॉकहून येणाऱ्या सामानात कोंबलेली अशी पिल्लं आपल्या विमानतळांवर वरचेवर पकडली जातात. त्या प्रवासातून वाचलेलं पिल्लू आधीच अर्धमेलं असतं. ज्यांच्याकडे नोंदणी राहिली आहे, त्यांनी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन पुढे काय करायचं ते विचारून घ्यावं. आणि कंटाळा आला म्हणून ओढ्याकाठी सोडून देणं तर मुळीच नको. एक तर ते मरेल, नाहीतर फ्लोरिडासारखं होईल.

शेवटी मुलांच्या आई-बाबांना एक हिशेब सांगते. आज वीत-सव्वा वीत दिसणारं हे पिल्लू नीट जगलं, तर शेपटीसकट पाच-सहा फुटांचं होतं आणि पंधरा-वीस वर्षं जगतं. त्याला माणूस उभा राहील एवढा पिंजरा लागतो. दहावीतला मुलगा हट्ट करतो, मग बारावी होते, मग तो पुण्याला किंवा बेंगळुरूला शिकायला जातो. मागे राहते आई, पिंजरा आणि रोजचा शेवग्याचा पाला. हे सगळं पेलणार असेल, तरच हो म्हणा. नसेल, तर मुलाला नाही म्हणण्यात काही वाईटपणा नाही. आणि ज्यांच्या घरी पिल्लू आलेलंच आहे, त्यांनी आज एवढंच करा. पिंजरा काचेआडून बाहेर घ्या, अंड्याची वाटी उचला आणि त्याच्या मांड्या उजेडात एकदा नीट बघा.

जामसांवलीच्या ताईंनी पिल्लू नागपूरला नेलं. हाडं मऊच निघाली, औषध सुरू आहे. मुलानं अंगणात शेवग्याची फांदी लावली आहे, असं त्यांनी कळवलं आहे. तुमच्याकडे असा पाहुणा असेल, तर तुमचे अनुभवही जरूर लिहून पाठवा, मराठीत किंवा कन्नडमध्ये.